संमतीपत्रावरच्या सहीआधीचा पैसा कोणाचा?

पुनर्विकासाची बैठक वस्तीत कशी होते, हे मुंबई-ठाण्यातल्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. मंडप विकासकाचा, खुर्च्या विकासकाच्या, चहा-वडापाव विकासकाचा. पडद्यावर टॉवरचे चित्र दाखवणारा आर्किटेक्ट त्यानेच आणलेला. करारनाम्याचा मसुदा त्याच्या वकिलाचा. आणि 'आपल्या संस्थेचे सल्लागार' म्हणून टाळ्यांच्या गजरात ज्यांची ओळख करून दिली जाते, त्यांचे बिलही तोच भागवतो. एवढ्या सगळ्या लवाजम्यात रहिवाशांचे स्वतःचे असे काय असते? फक्त सही. तशा ५१ टक्के सह्या जमल्या की पुढचे सगळे कायदेशीर.

या सह्यांवर आपल्या चळवळीत भरपूर बोलले जाते. मयताच्या नावाने झालेल्या सह्या, गावी गेलेल्याच्या अंगठ्याचे ठसे, कमिटीतल्या चौघांना आधीच कबूल केलेले जादा गाळे. हे सगळे घडते आणि त्याविरुद्ध लढलेच पाहिजे. पण खोटी सही निदान पकडता तरी येते. जी सही खरी आहे, राजीखुशीने दिलेली आहे, पण ज्या माहितीच्या आधारावर दिली ती सगळी माहिती समोरच्या पक्षाने पैसे मोजून तयार केलेली आहे, त्या सहीचे काय करायचे? तिला कोणते न्यायालय खोटी ठरवणार?

म्हणून सहीच्या आधीच्या काळाबद्दल बोलायला हवे. इमारत खरोखर धोकादायक आहे का, दुरुस्तीत भागेल का, जागेवर किती बांधकाम होऊ शकते, विक्रीच्या घरांतून किती पैसा निघेल, आपणच संस्था करून हे काम हाती घेतले तर झेपेल का, आणि नंतर इमारत चालवायला महिन्याला किती खर्च येईल, हे सगळे शोधून काढायला पैसा लागतो. स्ट्रक्चरल ऑडिट फुकट होत नाही. वकील, आर्किटेक्ट, हिशेबनीस फुकट येत नाहीत. हा पैसा आज कोण देतो? ज्याला आपली सही हवी आहे तोच. मग शोधाचे उत्तर त्याच्या सोयीचे निघाले तर नवल कसले?

इंग्लंडमधल्या सरकारी घरांच्या भाडेकरूंपुढे थोडा वेगळा, पण याच जातीचा प्रश्न होता. तिथल्या कायद्याने त्यावर काढलेला मार्ग आपल्या तरुणांनी समजून घ्यावा असे मला वाटते. त्याची आरती ओवाळायची नाही. त्याचा अपघातही आपण पाहणार आहोत.

बाबासाहेब लंडनला शिकत असताना किंग हेन्रीज रोडवरच्या ज्या घरात राहिले ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेतले, आणि तिथल्या स्मारकाच्या परवानगीवरून कॅम्डेन कौन्सिलशी वाद झाला, हे आपल्याला माहीत आहे. ही कौन्सिल म्हणजे साधारणपणे आपल्या महापालिकेसारखी संस्था. एक मोठा फरक आहे. तिथल्या कौन्सिली विसाव्या शतकात घरमालक झाल्या. त्यांनी कामगारांसाठी वसाहतीच्या वसाहती बांधल्या, परवडणाऱ्या भाड्याने दिल्या आणि सांभाळल्या. सांभाळल्या म्हणजे आपली महापालिका तिच्या चाळी सांभाळते त्याहून बऱ्या, पण तक्रारी त्याच. लिफ्ट बंद, भिंतीला ओल, दुरुस्तीचा अर्ज सहा महिने फायलीत.

१९९४ पासून इंग्लंडमधल्या कौन्सिलच्या भाडेकरूंना 'व्यवस्थापनाचा हक्क' मिळाला. घर कौन्सिलचेच राहते, भाडेकराराला धक्का लागत नाही, भाडे किती हेही कौन्सिलच ठरवते. पण भाडेकरूंची निवडून आलेली संघटना वसाहतीचा कारभार स्वतःकडे मागू शकते. दुरुस्ती, साफसफाई, भाडेवसुली, रिकाम्या घरांची व्यवस्था यांतले काय घ्यायचे आणि काय कौन्सिलकडे ठेवायचे, हे भाडेकरू निवडतात. आजवर कौन्सिल ज्या पैशात ही कामे करत होती त्या हिशेबाने ठरलेला भत्ता दरवर्षी संघटनेला मिळतो. संघटना तो आपल्या विचाराने खर्च करते आणि हिशेब देते.

हा हक्क मागायच्या अटी बघा. वसाहतीत निदान २५ घरे हवीत. संघटनेचे सभासदत्व सगळ्यांना खुले हवे आणि किमान २० टक्के भाडेकरू सभासद झालेले हवेत. मग संघटना कौन्सिलला रीतसर नोटीस देते. कायद्यात बसणारी नोटीस आली की 'आमची इच्छा नाही' एवढे म्हणून कौन्सिल ती परत पाठवू शकत नाही. त्यानंतर मान्यताप्राप्त स्वतंत्र सल्लागार येतो, व्यवहार्यता तपासली जाते, भाडेकरूंचा कौल घेतला जातो. कौल अनुकूल असेल तर प्रशिक्षण सुरू होते. हिशेब कसा वाचायचा, ठेकेदाराची निविदा कशी तपासायची, सभेचे इतिवृत्त कसे लिहायचे, नोकर कसे नेमायचे. संघटना हे काम पेलू शकते की नाही याचीही तपासणी होते. आणि सगळे झाल्यावर शेवटी सर्व भाडेकरूंचे मतदान. त्यात बहुमताने होकार आला तरच कारभार हाती येतो.

आता मुद्द्याची गोष्ट. या सगळ्या आधीच्या खटाटोपासाठी भाडेकरूंच्या गटाला सरकारी अनुदान मागता येईल, अशी सोय तिथे केली गेली. तिचा पाया १९८६ च्या कायद्यातल्या सोळाव्या कलमात, म्हणजे हक्काच्या कायद्याच्याही आधी घातला गेला. तिथले जुने कार्यकर्ते या पैशाला 'सेक्शन सोळाची ग्रँट' म्हणूनच ओळखत. पुढे योजनेची नावे बदलली, पण कल्पना तीच राहिली. गटाने अर्ज करायचा. आपण कोण, कोणत्या वसाहतीच्या वतीने बोलतो, बाकीच्या भाडेकरूंना विचारले आहे का, आजच्या कारभारात काय बिनसले आहे, कोणत्या कामासाठी किती पैसा हवा, हे मांडायचे. पैसा मिळतो तो शोध घेण्यासाठी. शोधाअंती भाडेकरू म्हणाले की नको, कौन्सिलचाच कारभार बरा, तरी तो पैसा सत्कारणी लागला असेच धरले जाते. 'नाही' म्हणायची मुभा असलेला पैसा! आपल्या वस्तीत येणाऱ्या कोणत्या पैशाला ही मुभा आहे? विकासकाच्या पैशाने केलेल्या तपासणीतून 'विकासक नको' असे उत्तर निघालेले मी तरी अजून पाहिलेले नाही.

कोणी म्हणेल, हा हक्क तर तिथल्या उजव्या, हुजूर पक्षाच्या सरकारने दिला. बरोबर आहे. त्यांचा हेतू साफ होता असे मी म्हणत नाही. १९८० पासून त्यांनी कौन्सिलची घरे भाडेकरूंना स्वस्तात विकायला काढली, आणि कौन्सिलींचे घरमालकपण कमी करणे हा त्यांचा उघड कार्यक्रम होता. पण राज्यकर्त्याने आपल्या स्वार्थासाठी उघडलेल्या दारातून आपल्या माणसांना आत कसे न्यायचे, हे आंबेडकरवाद्यांना परक्याने शिकवायला नको. साउथबरो समितीपासून गोलमेज परिषदेपर्यंत बाबासाहेबांनी दुसरे काय केले?

आता अपघाताकडे येऊ. लंडनच्याच केन्सिंग्टन आणि चेल्सी या अतिश्रीमंत भागातल्या कौन्सिलने १९९६ मध्ये आपली सगळी, म्हणजे जवळपास दहा हजार घरे एकाच भाडेकरू व्यवस्थापन संस्थेकडे सोपवली. नाव भाडेकरूंचे, संचालक मंडळात भाडेकरूही होते. पण हजारो घरांची ही संस्था हळूहळू दुसरे सरकारी खातेच बनून गेली. तिच्याच ताब्यातल्या ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली इमारतीत स्थलांतरित, कष्टकरी कुटुंबे मोठ्या संख्येने राहत होती. नूतनीकरणात इमारतीला बाहेरून जे आवरण बसवले ते पेट घेणारे होते. रहिवाशांचा एक गट वर्षानुवर्षे लिहीत होता, तक्रारी करत होता. मोठी दुर्घटना घडल्याशिवाय या संस्थेचा कारभार उघडा पडणार नाही, असे त्यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये जाहीरपणे लिहिले. १४ जून २०१७ च्या रात्री टॉवर पेटला. ७२ माणसे मेली. सप्टेंबर २०२४ मध्ये चौकशीचा अंतिम अहवाल आला. त्यात कंपन्या, कौन्सिल आणि सरकार यांच्यासोबत या संस्थेवरही ठपका आहे, आणि ती व रहिवासी यांच्यातल्या अविश्वासाची नोंदही आहे.

यातून 'भाडेकरूंच्या हाती कारभार दिला की असे होते' असा निष्कर्ष काढणारे आहेत. मी उलटा काढतो. तिथे कारभार भाडेकरूंच्या हाती नव्हताच, पाटी तेवढी त्यांची होती. त्याच लंडनमध्ये साउथवर्क भागात लेदरमार्केट नावाची रहिवाशांची व्यवस्थापन संस्था आहे. सुमारे दीड हजार घरे, १९९६ पासूनचा कारभार. ती टिकली, इतकी की पुढे तिच्या पुढाकारातून त्या भागात कौन्सिलच्या भाडेकरूंसाठी नवी घरे बांधली गेली. दीड हजार घरे आणि दहा हजार घरे यांतला फरक नुसता आकड्यांचा नाही. दीड हजार घरांतला अध्यक्ष जिन्यात भेटतो, त्याला थांबवून विचारता येते. दहा हजार घरांच्या संस्थेत अध्यक्षाला भेटायला अपॉइंटमेंट लागते. आणि जिथे अपॉइंटमेंट लागते तिथे आपल्या माणसाला बाकड्यावर बसवून ठेवतात.

आपल्याकडे कारभार हाती आल्यावर काय होते त्याचेही उदाहरण घ्या. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावच्या जय भवानी या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या इमारतीला आग लागली. तळाशी उभ्या गाड्या आणि चिंध्यांचे गठ्ठे पेटले, धूर जिन्यातून वर गेला, किमान सात जीव गेले. तिथे ना कौन्सिल होती ना परकी कंपनी. कागदोपत्री कारभार रहिवाशांच्याच सहकारी संस्थेचा, जसा तो पुनर्वसनाच्या प्रत्येक इमारतीत असतो. पण तो कसा मिळतो? विकासक विक्रीची घरे विकून निघून जातो आणि चाव्यांचा जुडगा कमिटीच्या हातात पडतो. पंप कसा चालतो, आगीची यंत्रणा कधी तपासायची, लिफ्टचा करार कोणाशी, शिलकी निधी कुठे ठेवला आहे, हे त्या कमिटीला कोणी शिकवले? इंग्लंडच्या कायद्याने कारभार देण्याआधी शिकवायचा पैसा ठेवला. आपल्या राज्याने कारभार अंगावर टाकला, आणि इमारत मोडकळीला आली की म्हणायला मोकळे: 'यांना फुकट घरे दिली तरी ठेवता येत नाहीत.' हे वाक्य कोणत्या जातीच्या तोंडून कोणत्या जातीला उद्देशून येते, ते आपण ओळखतो.

मुंबईच्या बीडीडी चाळी घ्या. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या एकूण २०७ इमारती. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी. एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. या चाळींचे आपल्या चळवळीशी नाते काय आहे ते वरळीत १९७४ साली काय घडले हे ठाऊक असलेल्याला सांगावे लागत नाही. इथला भाडेकरू शंभर वर्षे सरकारचाच भाडेकरू होता. म्हणजे इंग्लंडमधल्या कौन्सिलच्या भाडेकरूचा सख्खा भाऊ. शंभर वर्षांत त्याला कोणी कधी विचारले का, की बाबा, दुरुस्तीचा पैसा तुझ्या संघटनेकडे दिला तर तू कसा खर्च करशील? सार्वजनिक बांधकाम विभागाचा ठेकेदार आला, चुना लावून गेला. दोन्ही अर्थांनी.

शिवडी वगळून उरलेल्या १९५ चाळींचा पुनर्विकास म्हाडा करत आहे. ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. ही लढून मिळवलेली गोष्ट आहे, तिला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. पण चार मजल्यांची चाळ चालवणे वेगळे आणि चाळीस मजल्यांचा टॉवर चालवणे वेगळे. लिफ्ट, पंप, अग्निशमन, सुरक्षा, विमा. आज ना उद्या देखभालीचे बिल घरोघर येणारच. ते भरता आले नाही म्हणून घर विकून बदलापूरला जाणारा पहिला माणूस कोण असेल? गिरणी गेल्यावर कायमची नोकरी न लागलेला, घरकामावर जाणाऱ्या बायकोच्या कमाईवर घर चालवणारा. तो आपलाच असणार. कारभार स्वस्तात आणि नीट चालवता येणे हा आपल्यासाठी घर टिकवण्याचा प्रश्न आहे.

खाजगी मालकीच्या जुन्या, उपकर भरणाऱ्या इमारतींची गोष्ट तर आणखी बोलकी. तिथल्या भाडेकरूंना आपल्या कायद्याने हक्क दिलेलेच नाहीत असे नाही. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आठ-अ प्रकरण घालण्यात आले. ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्थेचा प्रस्ताव केला तर मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम देऊन इमारत संपादित करता येईल, अशी ती तरतूद. मालकांनी काय केले? संघटना केली, पैसा जमवला आणि तीन दशकांहून जास्त काळ न्यायालयात लढले. अखेर ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. मालकांकडे तीस वर्षे वकील ठेवायची ताकद होती. भाडेकरूंकडे काय होते?

अलीकडच्या दुरुस्तीने त्याच कायद्यात ७९-अ कलम आले. धोकादायक उपकरप्राप्त इमारतीच्या मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायला सहा महिने. त्याने दिला नाही तर भाडेकरूंच्या नियोजित सहकारी संस्थेला सहा महिने, ५१ टक्के संमतीसह. त्यांनाही जमले नाही तर म्हाडा. नोटिसा कोणी आणि कशाच्या आधारावर काढायच्या याचा वाद न्यायालयात गेलेला आहे, तो बाजूला ठेवू. कलमाची रचनाच बघा. हक्क दिला, मुदत दिली, दमडी दिली नाही. सहा महिन्यांत संस्था नोंदवा, आर्किटेक्ट शोधा, ऑडिट करा, नकाशे काढा, हिशेब मांडा, सह्या गोळा करा. कोणाच्या पैशाने? शेवटी चौथ्या महिन्यात कोणीतरी विकासक 'मी करतो ना सगळे, तुम्ही फक्त सह्या द्या' म्हणत दारात उभा राहतो. मालकाच्या हातातून सुटलेला हक्क भाडेकरूच्या अंगणातून थेट विकासकाच्या घरात जातो. पहिल्याच दिवशी त्या नियोजित संस्थेला तपासणी अनुदान मिळाले असते तर?

इथे आपल्याच गोटातून दोन आक्षेप येतील.

पहिला: अर्ज, अनुदान, प्रकल्प ही एनजीओची भाषा आहे, चळवळीने अनुदानाच्या मागे लागू नये. एनजीओकरणाने चळवळीचे काय केले ते मीही पाहिले आहे. मोर्चाला जाणारी पोरे अहवाल लिहू लागली. पण इथे पैसा परदेशी दात्याचा नाही, कोणा उद्योगपतीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतला नाही. तो आपल्या करातला आहे आणि त्यावर आपला हक्क आहे. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयला दिले. त्यात अलिगढ आणि बनारस या विद्यापीठांना सरकार किती पैसे देते याचा आकडा पुढे ठेवून, मग आमच्या मुलांना का नाही, असे विचारले. त्यातून वर्षाला तीन लाख रुपये शिष्यवृत्तीसाठी मिळाले आणि आपली मुले परदेशी शिकायला गेली. तोही अर्जच होता. फक्त त्यात आर्जव नव्हते, हिशेब होता. आजही पैसा नाही असे कोणी सांगू नये. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी अखर्चित राहतो किंवा भलतीकडे वळतो म्हणून आपण दर अर्थसंकल्पाला ओरडतो. दलित वस्ती सुधारणेच्या नावाने वर्षानुवर्षे गटारे, फरशा आणि समाजमंदिरे झाली. त्यात ठेकेदार सुधारले. त्या निधीतला एक छोटा वाटा वस्तीच्या माणसांना स्वतःचा तज्ज्ञ नेमण्यासाठी देता येणार नाही का?

आणखी एक गोष्ट. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी शेतीची जी रचना मांडली ती आपण 'राज्य समाजवाद' म्हणून वाचतो आणि मालकीपाशी थांबतो. पण त्यात जमीन राज्याची, कसणारे गावातली कुटुंबे, तीही जातपात न बघता आणि सामुदायिक पद्धतीने, आणि पाणी, जनावरे, अवजारे, खत, बियाणे यांसाठी पैसा पुरवणे राज्याचे कर्तव्य, अशी तीन पायांची मांडणी आहे. सरकारी घराला ती लावून बघा. घर राज्याचे, कारभार रहिवाशांचा, आणि तो पेलण्यासाठी लागणारा पैसा राज्याने द्यायचा. परळच्या बीआयटी चाळीत दोन दशकांहून जास्त काळ दोन खोल्यांत राहिलेल्या माणसाची ही मांडणी आहे. सामाईक नळ आणि सामाईक संडास म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून वाचावे लागले नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. आपल्या देशात 'रहिवाशांचा कारभार' म्हणजे बहुतेकदा वरच्या जातींचा कारभार. गृहनिर्माण संस्था हा सहकाराचा नमुना म्हणून मिरवला जातो, पण जातीची भिंत बांधायला त्याच्याइतके सोयीचे हत्यार नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवणारी उपविधी वैध ठरवली. तेव्हापासून मांसाहारी नको, अमुक आडनाव नको म्हणणाऱ्यांना बळच आले. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात व्यवस्थापन समितीवर अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव आहे. ती कितीदा रिकामी राहते किंवा गप्प बसणाऱ्याला दिली जाते, हे सहकार निबंधकाच्या कार्यालयात चकरा मारणाऱ्यांना माहीत आहे. सरकारी मालक निदान संविधानाला बांधील असतो. शेजारी नसतो.

म्हणून मला इंग्लंडच्या रचनेतले एक वैशिष्ट्य आपल्यासाठी कळीचे वाटते. मालकी सार्वजनिक राहते आणि कारभाराचा करार अटींवर असतो. संघटनेने भेदभाव केला, हिशेब दिला नाही, तर करार मोडता येतो. म्हणजे सरकारला जबाबदारीतून सोडायचे नाही. उद्या महापालिकेच्या चाळींत किंवा सफाई कामगारांच्या वसाहतींत असा प्रयोग झाला तर करारात जातीय भेदभावाविरुद्ध कलम हवे, समितीत बायकांची निम्मी संख्या हवी, आणि सभासदत्व नाकारायचा अधिकार समितीला असता कामा नये. सफाई कामगारांचा उल्लेख मुद्दाम केला. त्यांच्यातले कितीतरी जण भाडेकरूसुद्धा नाहीत. नोकरीपुरते घर, निवृत्त झाला की बाहेर. पिढ्यान्‌पिढ्या एकाच वसाहतीत राहून ज्याचे नाव घराच्या कोणत्याच कागदावर पक्के नाही, त्याला या हक्कातून वगळून कोणतीही योजना आली तर ती आपली नाही.

मागणी अवघड नाही. ७९-अ कलमाखाली नियोजित संस्थेला मुदत मिळते त्याच दिवशी तपासणी अनुदानही मिळाले पाहिजे. झोपडपट्टी पुनर्वसनात विकासक निवडण्याआधी संस्थेचा आर्किटेक्ट आणि वकील सार्वजनिक निधीतून आणि संस्थेच्याच निवडीने नेमला गेला पाहिजे, आणि त्याने त्याच प्रकल्पात विकासकाकडून एक रुपयाही घेता कामा नये. बीडीडीच्या नव्या इमारतींतल्या संस्थांना पूर्ण कारभार सोपवण्याआधी निदान वर्षभराचे प्रशिक्षण हवे, तेही संध्याकाळी आणि मराठीतून, कारण दिवसा माणसे कामावर असतात.

पण सरकार योजना काढेल आणि मग आपण अर्ज करू, असे बसून राहायचे कारण नाही. अर्ज आजच लिहायला घ्या. ज्या इमारतीत किंवा चाळीत तुमच्या शाखेचे दहा घरांशी बोलणे आहे तिथे वही घेऊन बसा. किती घरे, किती जण खरोखर राहतात, किती भाड्याने दिलेली, कोणाच्या नावाची पावती आहे आणि कोणाची नाही. गेल्या पाच वर्षांत दुरुस्तीवर सरकारने किती खर्च दाखवला, हे माहिती अधिकारात मागा आणि जिन्यात उभे राहून ताडून बघा. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे बिल दोनदा निघाले असेल आणि वरच्या मजल्यावर बादल्या ठेवलेल्या असतील, तर तो एक कागदच अर्जाचे पहिले पान आहे. मग शंभरातल्या किमान वीस घरांनी संघटनेचे सभासद व्हावे. पाच-दहा रुपये वर्गणी घ्या, पण पावती फाडा. सभा घ्या, आणि सभेत बायका बोलेपर्यंत ती संपवू नका, कारण पाणी कधी येते आणि लिफ्ट किती वेळा बंद पडते याचा खरा हिशेब त्यांच्याकडे असतो. इतिवृत्त लिहा. मग स्ट्रक्चरल ऑडिट, वकील आणि हिशेबनीस यांना किती लागतील याचे दर तीन ठिकाणांहून मागवा. तो आकडा घालून, सह्यांसकट, अर्ज म्हाडाला, महापालिकेला आणि समाजकल्याण खात्याला एकाच दिवशी द्या आणि पोच घ्या.

'अशी योजना नाही' असे लेखी उत्तर येईल. ते जपून ठेवा. अशा पन्नास चाळींची पन्नास उत्तरे जमली की विधानभवनावर काय घेऊन जायचे, हा प्रश्न सुटलेला असेल.